आधी चाल, मग रंग

बाळांनो, अनोळखी पाखरू दिसलं की माणसं पहिला प्रश्न विचारतात तो रंगाचा. "कसल्या रंगाचं होतं?" आज मी ज्या पाखराची गोष्ट सांगणार आहे, त्याच्या अंगावर रंगांची नुसती उधळण आहे. तरीही ते आमच्या परसात उतरलं तेव्हा घरातल्या एकालाही त्याचा एक रंग धड सांगता येईना. ओळख पटली ती दुसऱ्याच वाटेनं. ती वाट तुम्हाला सापडली, तर उद्या तुमच्या अंगणात कुठलंही पाखरू येवो, तुमचं अडणार नाही. म्हणून नीट ऐका.

आमचं कृष्णराजनगर म्हैसूर जिल्ह्यात, कावेरीच्या काठी. नदीलगतचं जुनं एडतोरे गाव पुराच्या तडाख्यात सापडायचं, म्हणून नाल्वडी कृष्णराज वडेयर महाराजांच्या कारकिर्दीत हे नवं नगर आखून वसवलं गेलं. नावही त्यांचंच. गावाभोवती भाताची खाचरं, खालच्या अंगाला कृष्णराजसागराचं अडवलेलं पाणी आणि घरांच्या मागे परसं. परसात नारळ, फणस, चिकू, शेवगा, केळीचं बेट. आमच्यासारखी घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणारी कुटुंबं या म्हैसूर मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत.

दसरा उलटून गेला होता, दिवाळी यायची होती. सकाळी धाकटी नात धावत आली. "आजोबा, फणसाखाली उंदीर उड्या मारतोय!"

मी म्हटलं, "चला, बघू या. पण धावायचं नाही, बोट दाखवायचं नाही आणि मागच्या ओट्यावरून खाली उतरायचं नाही." रानातल्या जिवाला आपल्या नजरेपेक्षा आपल्या हातापायांची भीती जास्त वाटते.

फणसाखाली दाट सावली होती. वर पानांचं छत, खाली कित्येक महिन्यांचा पाचोळा. त्यात काहीतरी तपकिरी, गोलसर हललं. दोन-तीन टुणटुण उड्या, मग एकदम स्तब्ध. पुन्हा एक उडी. फणसाचं एक वाळकं पान कशानं तरी उचललं आणि बाजूला भिरकावलं.

"चोच आहे!" थोरला नातू कुजबुजला.

"मग उंदीर बाद. पाखरू आहे."

"कुठलं, आजोबा?"

"ते मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. मी फक्त विचारणार आणि तुम्ही वहीत लिहायचं. पाखरू समोर आहे तोवर पुस्तक उघडायचं नाही. पुस्तक कपाटातच राहणार आहे, पाखरू मात्र उडून जाणार आहे."

पहिला प्रश्न विचारला, केवढं आहे? पाखराची लांबी नुसत्या नजरेनं इंचात कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे तो नाद सोडायचा. आपल्या रोजच्या ओळखीच्या पाखरांचीच मोजपट्टी करायची: चिमणी, बुलबुल, साळुंकी, पारवा, कावळा, घार. सालिम अलींनी 1941 साली 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' लिहिलं, त्यात हीच मोजपट्टी वापरली. साळुंकीपेक्षा लहान की मोठं, एवढं सांगता आलं तरी शेकडो नावं तिथल्या तिथे गळतात.

थोरल्यानं लिहिलं, "बुलबुलाएवढं. पण बुलबुलापेक्षा गुटगुटीत."

दुसरा प्रश्न, घडण कशी आहे? यावर धाकटी जवळजवळ ओरडलीच, "याला शेपूटच नाही!" शेपूट होतं, पण एवढंसं, पंखांच्या टोकांबाहेर जेमतेम डोकावणारं. पाय मात्र अंगाच्या मानानं लांब. उभं राहायची ढब ताठ. चोच जाडसर, मजबूत. चिमणीसारखी दाणे फोडायची नव्हे, आणि खंड्यासारखी लांबलचकही नव्हे.

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. ते करतंय काय? इथे मी मुलांना बराच वेळ नुसतं बघायला लावलं. हळूहळू वही भरू लागली. चालत नाही, उड्याच मारतं. पान उलटवतं, थांबतं, मान वाकडी करून बघतं, मग झटकन काहीतरी टिपतं. एकदा त्यानं गांडूळ ओढून काढलं, आपटलं आणि गिळलं. थांबलं की आखूड शेपूट सावकाश वर-खाली हलवतं. एकटंच आहे, जोडीदार नाही, टोळी नाही, आणि तोंडातून अवाक्षर नाही.

चौथा प्रश्न, कुठे आहे? जमिनीवर, सावलीत, ओलसर पाचोळ्यात. समोर उन्हात मोकळी जागा असूनही तिकडे फिरकत नाही.

पाचवा, कधी? ऐन ऑक्टोबरात. पावसाळा सरता सरता. याआधी मुलांनी ते कधीच पाहिलेलं नाही.

मग आम्ही खोडाखोडीला बसलो. जमिनीवर किडे टिपणारा दयाळ आमच्या परसात रोजचा, पण त्याचं शेपूट लांब आणि बहुतेक वेळा वर उभारलेलं. दयाळ खोडला. सातभाई पाचोळा उलथतात, पण ते घोळक्यानं हिंडतात आणि कलकलाट करून आळी डोक्यावर घेतात. सातभाई खोडले. हुदहुदाची चोच लांब, बारीक, बाकदार, आणि त्याला आवडतं उघडं गवत. तोही खोडला. भारद्वाज कावळ्याएवढा, त्याचा प्रश्नच नव्हता. उरला नारिंगी डोक्याचा कस्तूर. तो याच सावलीत, याच तऱ्हेनं पानं उलटवत बसतो. हा खरा फसवणारा. पण कस्तुराला व्यवस्थित शेपूट असतं. शेपटानं कस्तूरही खोडला गेला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या अज्जींचा आवाज आला. त्या मुलांना हाक मारून म्हणाल्या, "बण्णद हक्की! बण्णद हक्की!" रंगीत पाखरू आलंय बघा. थोड्या वेळापूर्वी ते त्यांच्या शेवग्याखाली, सकाळच्या उन्हाच्या कवडशात उभं होतं म्हणे. हिरवं, निळं, लाल!

मुलं गोंधळली. "आजोबा, अज्जी दुसऱ्याच पाखराबद्दल बोलताहेत. आपलं तर तपकिरी आहे."

बाळांनो, इथे थांबा. एक पाखरू, दोन साक्षीदार. एक म्हणतो रंगीत, दुसरा म्हणतो तपकिरी. आणि दोघंही खरं बोलताहेत! फणसाखाली प्रकाश मुळातच थोडा पोचतो. जो पोचतो तो पानांमधून गाळून, हिरवटपणा घेऊन येतो. अशा उजेडात हिरवी पाठ मातकट दिसते, निळं काळपट दिसतं आणि पोटाखालचं लाल तर खाली झाकलेलंच असतं. तेच पाखरू दोन हात पुढे उन्हात आलं की झळाळून उठतं. म्हणून मी रंगाचा प्रश्न शेवटी ठेवतो. रंग उजेडावर अवलंबून असतो. शेपूट आखूड की लांब, चालतं की उड्या मारतं, एकटं की टोळीत, हे उन्हात आणि सावलीत सारखंच राहतं.

इतक्यात रस्त्यावर फटफटी फटफटली आणि पाखरू भुर्रकन उडालं. जमिनीपासून फार वर नव्हे, खालूनच, केळीच्या बेटाकडे. उडताना पंखात पांढरा ठिपका चमकून गेला. थोरल्यानं तोही लिहून घेतला. शाबास! उडतानाची एक क्षणभराची खूण कधी कधी तासभराच्या बघण्याला भारी पडते.

आता संध्याकाळपर्यंत वाट बघायची होती. तोवर मी मुलांना एका दुसऱ्या मुलाची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट मुंबईतली, 1908 च्या सुमाराची. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा. आई-वडील लहानपणीच गेलेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढत होता. त्या काळी हवेच्या बंदुकीनं चिमण्या टिपणं हा मुलांचा खेळ होता. एके दिवशी या मुलानं एक चिमणी पाडली आणि हातात घेऊन बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! घरातल्या चिमणीला असा डाग नसतो. दुसऱ्या कुणी ती टाकून दिली असती. हा मुलगा ती घेऊन मामांकडे गेला आणि विचारलं, ही कुठली? मामांनाही सांगता येईना. पण त्यांनी 'असेल काहीतरी' म्हणून मुलाला वाटेला लावलं नाही. त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सेक्रेटरींना, डब्ल्यू. एस. मिलार्ड यांना, चिठ्ठी लिहून दिली.

ही सोसायटी 1883 साली मुंबईत स्थापन झालेली. एवढ्या मोठ्या संस्थेच्या दारात हा पोरगा मेलेली चिमणी घेऊन उभा राहिला. मिलार्ड साहेबांनी चिमणी हातात घेतली आणि ओळखली: पीतकंठी चिमणी. मग त्यांनी कपाटांचे खण उघडून मुलाला भारतातल्या चिमण्यांचे नमुने दाखवले आणि एकीपासून दुसरी कशी वेगळी ओळखायची ते समजावून सांगितलं. मुलाचे डोळे विस्फारले. आपण ज्याला नुसतं 'चिमणी' म्हणतो, त्यात एवढी दुनिया भरलेली आहे? तोच मुलगा पुढे डॉक्टर सालिम अली झाला, भारतातल्या पक्षिशास्त्राचा मोठा आधारस्तंभ. त्यांच्या आत्मचरित्राचं नावही 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', चिमणीचं पडणं. ते 1985 साली निघालं.

"आजोबा, त्यांनी चिमणी मारली?" धाकटीनं डोळे वटारून विचारलं.

हो, मारली. त्या काळी ओळख पटवायला पाखरू हातातच लागायचं, आजच्यासारख्या दुर्बिणी आणि कॅमेरे घरोघरी नव्हते. आज तसं करायची काही गरज नाही, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानपाखरं मारायला, धरायला, पिंजऱ्यात ठेवायला बंदीच आहे. पण त्या गोष्टीतलं घेण्यासारखं ते वेगळंच. वेगळा डाग दिसला आणि त्या मुलानं विचारलं. मोठ्या माणसांनी त्याचा प्रश्न उडवून लावला नाही.

आणि हेच सालिम अली पुढे आपल्या मुलखात आले बरं का! 1939-40 साली म्हैसूर संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. आपल्या गावाजवळून वाहणारी हीच कावेरी खाली कृष्णराजसागर ओलांडून श्रीरंगपट्टणकडे जाते. वाटेत नदीतल्या बेटांवर करकोचे, बगळे, चमचे यांची घरटी त्यांना दिसली आणि त्यांनी ती जागा जपायला हवी असं महाराजांच्या सरकारला सुचवलं. 1940 साली तिथे रंगनतिट्टूचं पक्षी अभयारण्य झालं. नीट बघणाऱ्या एका माणसाच्या सांगण्याचा केवढा परिणाम झाला, पाहा.

सूर्य कलला. आम्ही पुन्हा ओट्यावर येऊन बसलो. रातकिड्यांनी सूर धरायच्या आत केळीच्या बेटातून शीळ आली. दोनच स्वरांची, स्पष्ट, भरदार: "व्हीट्-ट्यू!" थोडं थांबून पुन्हा एकदा. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग ते बाहेर आलं, कुंपणाच्या एका खालच्या फांदीवर बसलं आणि तिरप्या उन्हात पहिल्यांदा सगळं दिसलं. पाठ हिरवी. खांद्यापाशी चकाकता निळा पट्टा. घसा पांढरा. पोट बदामी. शेपटाखाली कुंकवासारखा लाल. डोळ्यावरून जाणारी जाड काळी पट्टी आणि डोक्यावर बदामी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे. डोकं मागे टाकून त्यानं पुन्हा शीळ घातली.

"आता उघडा पुस्तक," मी म्हटलं.

कपाटात मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' होता आणि शेजारीच कन्नड लेखक पूर्णचंद्र तेजस्वींचं 'कन्नड नाडिन हक्किगळु'. मुलांनी वहीतल्या नोंदी एकेक करून ताडून पाहिल्या. आखूड शेपूट, बरोबर. जमिनीवर उड्या, बरोबर. पाचोळा उलटवणं, शेपूट वर-खाली, पंखातला पांढरा ठिपका, दोन स्वरांची शीळ, सगळं बरोबर. नवरंग! कन्नडमध्येही नवरंगच. लांबी सुमारे 19 सेंटिमीटर, वजन साधारण 47 ते 66 ग्रॅम. रंगांनी नुसती मोहोर उमटवली. ओळख त्याआधीच जवळजवळ पटली होती.

आता त्या शिळेबद्दल. पावशा 'पेरते व्हा' म्हणाला की आपला शेतकरी आभाळाकडे बघतो, तसे तमिळ मुलखातले लोक नवरंगाला सहा वाजताचं पाखरू म्हणतात. सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते शीळ घालतं. दिवसभर तोंड मिटून पाचोळ्यात राबतं, उजेड फुटताना आणि मावळताना बोलतं. म्हणून ते शेजारी राहूनही माणसाला कळत नाही.

त्या शिळेमागे आणखी एक नवल आहे. दयाळ गातो ते गाणं तो मोठ्यांचं ऐकून शिकतो, जशी तुम्ही आईकडून भाषा शिकलात. नवरंग मात्र पाखरांच्या दुसऱ्या एका मोठ्या शाखेतला आहे. या शाखेतल्या बहुतेक जाती दक्षिण अमेरिकेत राहतात, आपल्याकडे तिचे थोडेच प्रतिनिधी. याच शाखेतली अमेरिकेतली फीबी नावाची चिमुकली पाखरं घेऊन डोनाल्ड क्रूड्स्मा आणि मासाकाझू कोनिशी या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. पिल्लांना स्वतःचा किंवा दुसऱ्याचा, कुठलाच आवाज ऐकू येणार नाही अशी स्थिती केली. 1991 साली त्यांनी निष्कर्ष जाहीर केला. ती पिल्लं मोठी झाली आणि आपल्या जातीचं गाणं अगदी बिनचूक गायली! शिकवणारा कुणी नाही, ऐकणं नाही, तरी गाणं आलं. ते जन्मतःच बरोबर आलेलं होतं.

"मग तो निळा रंग?" थोरल्यानं विचारलं. "तोही जन्मतःच?"

निळ्याची कथा तर फार सुंदर आहे. पाखरांच्या पिसांतला काळा, तपकिरी, पिवळा, लाल हे बहुतेक वेळा रंगद्रव्यांमुळे येतात. निळं रंगद्रव्य मात्र पाखरांच्या पिसांत जवळजवळ नसतंच. मग निळं दिसतं कसं? पीस ज्या पदार्थाचं बनतं, त्या केराटिनची अतिशय सूक्ष्म रचना पिसाच्या आत असते, मध्ये हवेच्या पोकळ्या असतात. त्या रचनेवर ऊन पडलं की उन्हातल्या सात रंगांपैकी निळा तेवढा जोरात उलटून आपल्या डोळ्यांत येतो. म्हणजे पिसात निळा रंग भरलेला नाही, तो उजेडातून तिथल्या तिथे घडतो.

हे स्वतः करून बघायचं असेल तर मोराचं गळून पडलेलं पीस घ्या. समोरून ऊन पडू द्या, डोळा निळा-हिरवा चमकेल. आता तेच पीस उजेडाच्या आड धरून बघा. चमक जाते, उरतं काळपट तपकिरी. मोराच्या पिसाची आतली रचना थोडी निराळी, पण तत्त्व तेच. अज्जींचं निळं पाखरू आणि आपलं तपकिरी पाखरू एकच कसं, हे आता पुरतं लक्षात आलं ना?

पण खरं कोडं अजून शिल्लक होतं. धाकटीनं ते विचारलंच, "हा आला कुठून?"

नवरंगाची वीण होते हिमालयाच्या पायथ्याशी, मध्य भारतातल्या रानांत आणि सह्याद्रीत. मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, कोकणातल्या कर्नाळ्यासारख्या जंगलात त्याची शीळ घुमते. जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर तो वाळकी पानं आणि गवत यांचं गोलाकार घरटं बांधतो, बाजूला दार ठेवतो. आत चार-पाच पांढरी, चकचकीत, जांभळट ठिपक्यांची अंडी. पावसात किडे-गांडुळं मुबलक, पिल्लं पोसली जातात. पाऊस सरला की नवरंग दक्षिणेकडे निघतो, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, थेट श्रीलंकेपर्यंत. उन्हाळा आला की परत उत्तरेकडे. म्हणून तो आपल्या परसात ऑक्टोबरात आला. पाचवा प्रश्न 'कधी' विचारायचा तो यासाठी. पाखराच्या नावात महिनाही दडलेला असतो.

आणि हा प्रवास तो करतो रात्री! दिवसा पाचोळ्यात खाऊन अंगात चरबी साठवायची, अंधार पडला की उडायचं. चरबीच का? एक ग्रॅम चरबीतून पिठूळ पदार्थांच्या दुपटीहून जास्त शक्ती मिळते. वजन कमी, बळ जास्त. लांब उडणाऱ्याला हेच हवं.

"अंधारात वाट कशी कळते?"

याचा छडा लावायला अमेरिकेत स्टीफन एम्लेन नावाच्या शास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात मोठ्या युक्तीचा पिंजरा बनवला. तळाला शाईची गादी, भोवती नरसाळ्याच्या आकाराचा टीपकागद. रात्री उडणारी इंडिगो बंटिंग नावाची पाखरं त्यात ठेवली. स्थलांतराचा काळ आला की ती अस्वस्थ होतात आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेला उड्या मारतात. पायांना शाई लागलेली, म्हणून कागदावर त्या बाजूला पावलांचे ठसे उमटत. पाखरानं आपली दिशा स्वतःच लिहून दिली!

मग एम्लेननं हे पिंजरे तारांगणात ठेवले. तिथे छतावर खोटं आकाश दाखवता येतं. त्यानं ते आकाश उलटं फिरवून ठेवलं, तर पाखरांचे ठसेही उलट बाजूला उमटले. पुढे 1970 साली त्यानं जाहीर केलेला प्रयोग आणखी नवलाचा. पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लांना असं आकाश दाखवलं, जे ध्रुवाभोवती फिरण्याऐवजी मृगातल्या तांबूस काक्षी ताऱ्याभोवती फिरत होतं. शरद ऋतू आला तेव्हा ती पिल्लं काक्षीलाच उत्तर समजून त्याच्याकडे पाठ करून निघाली. म्हणजे कुठला तारा उत्तरेचा, हे त्यांनी पाठ करून आणलेलं नव्हतं. रात्र रात्र आकाशाकडे बघून, आभाळ कशाभोवती फिरतं हे ती स्वतः शोधून काढत होती. गाणं जन्मतः घेऊन येणारी पाखरं असतात आणि आकाश वाचायला शिकणारीही असतात. निसर्ग एकाच वाटेनं चालत नाही, बाळांनो.

आता याच रात्रीच्या प्रवासात आपण माणसं आडवे येतो. रात्रभर जळणारे झगझगीत दिवे उडत्या पाखरांना खेचतात आणि भरकटवतात. काचेत आभाळाचं प्रतिबिंब दिसतं, तिकडे ती झेपावतात आणि आपटतात. थकलेला, काचेवर आदळलेला नवरंग गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर बसलेला सापडतो, तो यामुळे. तुम्हाला असा सापडला तर घाबरू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला मऊ फडकं घाला, त्याला अलगद आत ठेवून झाकण लावा आणि शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. चोच उघडून पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सारखं उघडून बघू नका. तरतरी आली की झाडीजवळ नेऊन खोकं उघडा, तो आपला आपण जाईल. पंख मोडलेला वाटला तर वनखात्याला कळवा.

आणखी एक गोष्ट तुम्ही घरच्या मोठ्यांना सांगा, माझ्या वतीनं सांगा. परसातला पाचोळा जाळू नका. आमच्या फणसाखाली पाचोळा होता म्हणून गांडुळं होती, वाळवी होती, भुंगेऱ्यांच्या अळ्या होत्या. त्या होत्या म्हणून शेकडो मैलांवरून आलेल्या पाखराला इथे पोटभर खायला मिळालं. झाडून लख्ख केलेल्या, फरशी घातलेल्या परसात नवरंगाला उतरायला कारणच उरत नाही. तुमच्या परसाचा एक कोपरा तरी असाच राहू द्या. त्यातली माती सुधारेल, झाडं सुखावतील आणि पाहुण्यांची सोय होईल.

आज फोनमध्ये मर्लिनसारखी ॲप आहेत. शीळ ऐकवली तर नाव सांगतात. जरूर वापरा. पण नाव मिळालं की बघणं थांबतं, हा धोका आहे. म्हणून आधी वही, मग फोन. केवढं, कसं घडलेलं, करतंय काय, कुठे, कधी. आणि मग रंग आणि आवाज. ही सात उत्तरं लिहिली असतील तर नाव आज नाही सापडलं तरी बिघडत नाही, महिन्यानं कुणीतरी ते वाचून सांगेल. नुसतं 'हिरवं पाखरू होतं' एवढंच लिहिलं असेल तर सालिम अलींनाही सांगता आलं नसतं.

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभरातली माणसं आपापल्या अंगणातली पाखरं मोजतात. 2013 पासून भारतातली माणसंही त्यात आहेत. त्यासाठी शास्त्रज्ञ असावं लागत नाही, परदेशी दुर्बीणही लागत नाही. पंधरा मिनिटं एका जागी बसायचं आणि जे दिसेल ते खरं खरं लिहायचं. कृष्णराजनगरच्या एखाद्या परसातल्या मुलानं 'आज नवरंग दिसला' असं तारखेसह लिहिलं, दुसऱ्या मुलानं म्हैसुरात लिहिलं, तिसऱ्यानं कर्नाळ्याजवळ पावसाळ्यात लिहिलं, की हे पाखरू कधी निघतं, कधी पोचतं, कुठे कमी होत चाललंय, हे कळू लागतं. 1939 साली एका माणसानं संस्थान पालथं घालून जी पाहणी केली, ती आता हजारो मुलं मिळून पुढे नेऊ शकतात.

तर या सुट्टीत एक वही करा. शेजारीपाजारी कुणी वेगळं पाखरू पाहिलं तर धावत जा आणि त्यांना रंग विचारायच्या आधी विचारा, ते करत काय होतं?